भेदभावाची तक्रार 'निकाली' निघाली, आता दाद कुठे मागायची? (नागपूर, राज्य शासकीय कार्यालय)

फुटाळ्याकाठी | ३ नोव्हेंबर २०२५

प्रश्न माझा नाही, ओळखीतल्या एका ताईंचा आहे. त्यांना विचारूनच लिहितेय. कार्यालयाचं नाव देत नाही, कुणी अंदाजही बांधू नका.

कनिष्ठ लिपिक, अल्पदृष्टी, प्रमाणपत्र ५० टक्क्यांचं. २ मे २०२५ ला वरिष्ठ लिपिकांच्या पदोन्नतीचा आदेश निघाला. ज्येष्ठता यादीत त्यांच्या खाली असलेल्या दोघांची नावं आदेशात आहेत, त्यांचं नाही. तोंडी कारण असं की स्क्रीनवरचं दिसत नाही, मग नस्त्या (फायली) कशा हाताळणार. स्क्रीन वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर त्यांनी दीड वर्षात तीनदा लेखी मागितलं, मिळालं नाही.

२६ मे ला भेदभावाची लेखी तक्रार दिली. १८ जुलैला उत्तर आलं: 'आपल्या तक्रारीत तथ्य आढळून येत नाही. सबब तक्रार निकाली काढण्यात येत आहे.' बस, एवढंच.

या उत्तराविरुद्ध अपील कुणाकडे आणि किती दिवसांत? कुणी म्हणतं ४५ दिवस होते, ते गेले. कुणी म्हणतं थेट मॅटमध्ये (सेवेच्या वादांचं न्यायाधिकरण). कुणी म्हणतं पुण्याला दिव्यांग आयुक्तांकडे जा.

तर्रीपोहे | ३ नोव्हेंबर

'तथ्य आढळून येत नाही' म्हंजे तथ्य शोधाले कोणी गेलंच नाही नं बाप्पा. टेबलावरून उठल्याबिगर काय आढळते?

धरमपेठी | ३ नोव्हेंबर

मॅट-बिट नंतर. आधी जिल्हाधिकारी कार्यालयातल्या लोकशाही दिनात निवेदन द्या. दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी असतो. आजचा गेला, आता १ डिसेंबर. वरून फोन गेला की सगळं हलतं.

आवकजावक | ३ नोव्हेंबर

@धरमपेठी, लोकशाही दिनात सेवाविषयक आणि आस्थापनाविषयक अर्ज घेतच नाहीत. न्यायप्रविष्ट प्रकरणंही नाहीत. खिडकीवरूनच परत येईल. केंद्राच्या तक्रार पोर्टलचंही तसंच, सेवाविषयक गाऱ्हाणी तिथे चालत नाहीत. मानवी हक्क आयोगाकडेही नोकरीचे वाद बाजूला ठेवतात. आणि 'वरून फोन' म्हणजे सेवेच्या बाबतीत राजकीय दबाव आणणं. वर्तणूक नियम १९७९ खाली तो स्वतंत्र ठपका होऊ शकतो. तक्रारदार बाईंच्याच सेवापुस्तकात लाल शाई लागायची.

आता ४५ दिवसांचं. तो आकडा महाराष्ट्र नागरी सेवा (शिस्त व अपील) नियम, १९७९ मधला आहे. शिक्षा, निलंबन, किंवा वेतन-भत्ते-सेवाशर्तींत तोट्याचा बदल करणारा आदेश असेल, तर तो हातात पडल्यापासून ४५ दिवसांत अपील. पदोन्नतीसाठी विचार करून ती न देणं ही त्या नियमांत शिक्षा धरलेली नाही. आणि 'तुमची तक्रार फेटाळली' हाही शिक्षेचा आदेश नव्हे. त्यामुळे ४५ दिवस गेले म्हणून सगळं संपलं, असं अजिबात नाही.

एक विचारतो. विभागीय परीक्षा उत्तीर्ण आहेत का? ती राहिली असेल तर बाकी सगळी चर्चा व्यर्थ.

फुटाळ्याकाठी | ३ नोव्हेंबर

हो, पहिल्याच प्रयत्नात. विभागीय चौकशीही नाही, कधीच नव्हती.

मूळअर्ज | ३ नोव्हेंबर

अपील कुठे, याच्या आधी अपील कशाविरुद्ध हे ठरवा. इथे दहातले आठ जण घसरतात.

दुखणं १८ जुलैच्या उत्तरात नाही, २ मे च्या आदेशात आहे. उत्तराला आव्हान देऊन जिंकलात तर फार तर काय मिळेल? 'तक्रारीवर कारणांसह नव्याने निर्णय घ्यावा.' मग तोच लिपिक तीच ओळ जरा लांबवून टंकलिखित करेल आणि वर्ष गेलेलं असेल. त्या दोघांच्या पदोन्नतीला हातही लागणार नाही. म्हणून आव्हान २ मे च्या आदेशाला, त्या पदोन्नती समितीच्या कार्यवाहीला. १८ जुलैचं उत्तर सोबत जोडायचं आणि तेही रद्द करावं असं मागायचं, पण मुख्य लक्ष्य ते नव्हे.

जागा: महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरण, म्हणजे मॅट, नागपूर खंडपीठ, सिव्हिल लाइन्स. राज्य शासनाचा कर्मचारी असेल तर सेवेच्या वादात पहिली पायरी तीच. थेट उच्च न्यायालयात गेलात तर बहुधा मॅटकडे परत पाठवतील, एल. चंद्रकुमार निकालापासून (१९९७) तसंच आहे. मॅटच्या निकालावर मग उच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींच्या पीठापुढे रिट.

मुदत: प्रशासकीय न्यायाधिकरण अधिनियम, १९८५ चं कलम २१. अंतिम आदेशापासून एक वर्ष. अपील किंवा निवेदन दिलं आणि सहा महिन्यांत उत्तरच आलं नाही, तर ते सहा महिने संपल्यावर एक वर्ष.

सक्करदरा | ३ नोव्हेंबर

म्हणजे २६ मे + ६ महिने + १ वर्ष = नोव्हेंबर २०२६. भरपूर वेळ आहे की.

मूळअर्ज | ३ नोव्हेंबर

नाही. उत्तर सहा महिन्यांच्या आत आलंय, १८ जुलैला. त्यामुळे 'उत्तर आलं नाही' ही सवलत नाहीच. मग उरतात दोन तारखा: १८ जुलैपासून वर्ष, किंवा २ मे पासून वर्ष. समोरचा पक्ष दुसरी धरणार, आणि पदोन्नतीविरुद्धची ही तक्रार नियमांत दिलेला उपाय नव्हे असं म्हणणार. एस. एस. राठोड निकालाने (१९८९) एवढं पक्कं केलंय की नियमांत नसलेली निवेदनं वारंवार देऊन मुदत लांबत नाही. म्हणून सर्वांत आधीची तारीख धरून चाला. वर्ष भरतं १ मे २०२६ च्या आसपास. १ मे महाराष्ट्र दिन, सुट्टी. म्हणजे डोक्यात ३० एप्रिल ठेवा आणि प्रत्यक्षात फेब्रुवारीतच दाखल करा.

उशीर झाला तर कलम २१(३) खाली विलंबमाफीचा अर्ज देता येतो. पण ज्येष्ठता-पदोन्नतीत तिसऱ्या माणसाचे हक्क गुंतलेले असतात, तिथे माफी सहज मिळत नाही. तो माणूस नव्या खुर्चीत रुळलेला असतो.

तर्रीपोहे | ३ नोव्हेंबर

खुर्चीत रुळला म्हंजे आता त्याच्याखालची उशीबी त्याचीच.

पांढरीकाठी | ४ नोव्हेंबर

वरची चर्चा बरोबर आहे, पण अर्धीच. इथे दोन भांडणं एकात गुंडाळली आहेत. एक पदोन्नतीचं, दुसरं सॉफ्टवेअरचं. दोन्हींचे रस्ते वेगळे.

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६, कलम २०. नोकरीच्या कोणत्याही बाबतीत शासकीय आस्थापनेने दिव्यांगाशी भेदभाव करायचा नाही. पोटकलम (२): वाजवी सोयी आणि अडथळामुक्त वातावरण द्यायचंच. पोटकलम (३): केवळ दिव्यांगत्वाच्या कारणावरून पदोन्नती नाकारता येणार नाही. पोटकलम (४): सेवेत असताना दिव्यांगत्व आलं तर काढायचं नाही, खालच्या पदावर टाकायचं नाही. ताईंचं प्रकरण (२) आणि (३) दोन्हींत बसतं.

कलम २३: प्रत्येक शासकीय आस्थापनेत तक्रार निवारण अधिकारी नेमलेला असला पाहिजे, तक्रारींची नोंदवही असली पाहिजे, आणि नोंद झाल्यापासून दोन आठवड्यांत चौकशी व्हायला हवी. समाधान झालं नाही तर दिव्यांगत्वविषयक जिल्हास्तरीय समितीकडे जाता येतं. तुमच्या प्रश्नातलं 'अपील' या कायद्यात इतकंच आहे.

आता १८ जुलैच्या उत्तरावर सही कुणाची आहे ते पाहा. कलम २३ खाली नेमलेल्या अधिकाऱ्याची, की ज्यांच्याविरुद्ध तक्रार होती त्यांचीच? तक्रार नोंदवहीत चढली होती का, कुठल्या क्रमांकावर? पुष्कळ ठिकाणी असा अधिकारी नेमलेलाच नसतो. मग आस्थापना शाखा साध्या टपालासारखं उत्तर देऊन मोकळी होते. तसं असेल तर कायद्याने सांगितलेली चौकशी झालेलीच नाही, आणि हा मुद्दा पुढे सगळीकडे चालतो.

फुटाळ्याकाठी | ४ नोव्हेंबर

सही कार्यालय प्रमुखांची आहे, 'करिता' म्हणून अधीक्षकांनी केलेली. तोंडी कारण सांगणारे तेच अधीक्षक.

आवकजावक | ४ नोव्हेंबर

'करिता' ने किती माणसं तरली आणि किती बुडाली, काही हिशेब नाही.

पांढरीकाठी | ४ नोव्हेंबर

मग हे लेखी पुराव्यात आणा. माहितीच्या अधिकारात विचारा: कलम २३ खालील तक्रार निवारण अधिकाऱ्याच्या नेमणुकीच्या आदेशाची प्रत आणि नोंदवहीच्या संबंधित पानाची प्रत.

पुण्याच्या आयुक्तांबद्दल. राज्य आयुक्त चौकशी करतात, कागद मागवतात, साक्षीदार बोलावतात, त्यासाठी त्यांना दिवाणी न्यायालयाचे अधिकार आहेत. पण शेवटी ते शिफारस करतात. कलम ८१ प्रमाणे आस्थापनेने तीन महिन्यांत केलेली कारवाई कळवायची, मान्य नसेल तर कारणं द्यायची. सॉफ्टवेअर, आसनव्यवस्था, कामाचं फेरवाटप अशा गोष्टींना हा रस्ता चांगला, वकीलही लागत नाही. पदोन्नतीचा आदेश मात्र ते रद्द करू शकत नाहीत. त्यांच्याकडे फाइल पडून आहे म्हणून मॅटची घड्याळं थांबत नाहीत. हे लाल शाईत लिहून ठेवा.

आणखी एक. कलम २० चं संरक्षण ४० टक्क्यांच्या खालच्यांनाही आहे. ४० टक्क्यांची अट कलम ३४ च्या आरक्षणासाठी. कार्यालयात दोन्हींची सर्रास गल्लत होते.

बिंदूनामावली | ४ नोव्हेंबर

दिव्यांगांना पदोन्नतीतही आरक्षण आहे, आणि मूळ नेमणूक दिव्यांग कोट्यातून झालेली नसली तरी. लीसम्मा जोसेफ निकाल, २०२१. त्या पदोन्नतीच्या वेळी दिव्यांगांचा बिंदू (आरक्षणाच्या क्रमातली राखीव जागा) भरला होता का तेही तपासा. हा तिसरा मुद्दा होऊ शकतो.

मूळअर्ज | ४ नोव्हेंबर

होऊ शकतो, पण पदोन्नतीच्या अर्जातच, पर्यायी म्हणून. सॉफ्टवेअरचं भांडण मात्र त्यात मुख्य मागणी म्हणून कोंबू नका. एका मूळ अर्जात (मॅटमध्ये दाखल होतो तो) एकच वादकारण, आणि मागण्या त्याच्याशी जोडलेल्या. दोन वेगळी कारणं एकत्र आली की नोंदणी शाखा हरकत काढते आणि दुरुस्तीत दोन-तीन आठवडे जातात. सॉफ्टवेअर नाकारल्याचा मजकूर पार्श्वभूमी म्हणून जरूर यावा. आधी साधन द्यायचं नाही आणि मग साधनाशिवाय काम जमत नाही म्हणायचं, हे त्यातून दिसतं.

धरमपेठी | ४ नोव्हेंबर

एवढं करून मिळणार काय? मॅट पदोन्नती देते का?

मूळअर्ज | ४ नोव्हेंबर

थेट देत नाही, आणि 'अर्जदारास पदोन्नत करावे' एवढीच मागणी असेल तर तिथेच अडकायला होतं. पदोन्नतीचा हक्क नसतो, पदोन्नतीसाठी विचार होण्याचा हक्क असतो. तो मात्र राज्यघटनेच्या कलम १६ खालचा मूलभूत हक्क आहे. म्हणून मागणी अशी: २ मे चा आदेश त्या दोघांपुरता रद्द करावा किंवा अर्जदाराच्या हक्काच्या अधीन ठेवावा, २ मे च्या स्थितीवर पुनर्विलोकन पदोन्नती समितीची बैठक घ्यावी, दिव्यांगत्व हा निकष न लावता विचार करावा, पात्र ठरल्यास कनिष्ठाला मिळाली त्या तारखेपासून मानीव दिनांक (पदोन्नती तेव्हाच मिळाली असं धरलेली तारीख) आणि ज्येष्ठता द्यावी. थकबाकी स्वतंत्रपणे मागा. कार्यालय 'काम नाही तर वेतन नाही' म्हणेल. त्याला जानकीरामन निकाल (१९९१) हे उत्तर: माणूस काम करायला तयार होता आणि प्रशासनानेच त्याला दूर ठेवलं, तर ते तत्त्व जसंच्या तसं लागत नाही.

त्या दोन कनिष्ठांना नावाने प्रतिवादी करा. केलं नाही तर 'आवश्यक पक्षकार नाहीत' एवढ्यावर अर्ज जातो. अधीक्षकांवर वैयक्तिक आकसाचा आरोप करायचा असेल तर त्यांनाही नावाने प्रतिवादी करावं लागतं. माझं मत: करू नका. आकस सिद्ध करण्याचा भार फार जड असतो. इथे आकस नाही, बेकायदा निकष सिद्ध करायचाय. एखाद्याच्या मनात काय होतं ते शोधण्यापेक्षा कागदावर काय आहे ते दाखवणं सोपं.

आवकजावक | ५ नोव्हेंबर

कागदाचं निघालंच आहे तर. माहिती अधिकाराचा अर्ज आजच टाका. महाराष्ट्रात एक अर्ज, एक विषय, १५० शब्दांच्या आत. १० रुपयांचं कोर्ट फी तिकीट. उत्तर ३० दिवसांत. प्रती २ रुपये पान. पहिलं अपील ३० दिवसांत, त्याला २० रुपयांचं तिकीट. दुसरं अपील ९० दिवसांत, राज्य माहिती आयोगाच्या नागपूर खंडपीठाकडे. दुसऱ्या अपिलाची वाट पाहत मॅटची मुदत घालवू नका, तिथे रांग लांब आहे.

काय मागायचं: त्या पदोन्नती समितीच्या बैठकीची कार्यसूची आणि इतिवृत्त, स्वतःच्या प्रकरणापुरता समितीने भरलेला तक्ता, स्वतःचे मागच्या पाच वर्षांचे कार्यमूल्यमापन अहवाल, आणि सॉफ्टवेअरच्या तीन अर्जांवर झालेल्या टिप्पण्या. हे दोन अर्जांत विभागा, समिती एकात, सॉफ्टवेअर दुसऱ्यात. पांढरीकाठींनी सांगितलेलं दुसऱ्यात बसेल. त्या दोन कनिष्ठांचे गोपनीय अहवाल मागू नका, व्यक्तिगत माहिती म्हणून नाकारतील आणि त्या नादात बाकीचंही लटकेल. ते मॅटपुढे मागवता येतं.

'का दिली नाही?' असं विचारायचं नाही. माहिती अधिकारात कारण मिळत नाही, कागद मिळतो.

आणि कुणी 'मी नस्तीचा फोटो काढून देतो' म्हणेल. नको. विनापरवाना कागद बाहेर काढणं वर्तणूक नियमांत बसत नाही. ज्याने काढला तो अडकतो, आणि पुरावा कुठून आला याच्या खुलाशात ताईही.

वर्धारोड | ५ नोव्हेंबर

इतिवृत्तात काय असू शकतं आणि त्यावर काय करायचं तेही सांगतो, कारण कागद आल्यावर लोक गोंधळतात.

पहिली शक्यता, नावच विचारात घेतलेलं नाही. सर्वांत सोपं प्रकरण. ज्येष्ठता यादी दाखवायची, विचारक्षेत्रात होत्या हे दाखवायचं, संपलं.

दुसरी, विचार केला पण अहवालांची प्रतवारी कमी म्हणून अपात्र. मग तो अहवाल त्यांना कळवला होता का ते बघा. प्रत्येक नोंद, चांगली असो वाईट असो, कळवलीच पाहिजे: देव दत्त (२००८), आणि तीन न्यायमूर्तींनी कायम केलेलं सुखदेव सिंग (२०१३). कळवला नसेल तर त्याच्या जोरावर मागे ठेवता येत नाही. हल्ली अहवाल महापारवर (शासनाची ऑनलाइन अहवाल प्रणाली) असतात. उघडून पाहिल्याची नोंद तिथे राहते, त्यामुळे 'मला कळलंच नाही' असं ठोकून देऊ नका.

तिसरी, मोहोरबंद पाकीट, म्हणजे समितीचा निर्णय चौकशी संपेपर्यंत बंद ठेवणं. ते निलंबन, दोषारोपपत्र किंवा न्यायालयातलं फौजदारी दोषारोपण असेल तरच. नुसती चौकशी 'प्रस्तावित' असेल तर चालत नाही. हेही जानकीरामन.

चौथी, दिव्यांगत्वाचा लेखी उल्लेख. तसं कुणी लिहीत नाही म्हणा.

तर्रीपोहे | ५ नोव्हेंबर

लिवत नाही कसं? आपल्या इकडे लोक काहीबी लिवतात जी. वाचत कोणी नाही म्हणून चालून राहिलं.

रामटेककर | ६ नोव्हेंबर

जिल्हा परिषदेच्या कर्मचाऱ्याला हेच लागू का?

आवकजावक | ६ नोव्हेंबर

नाही. जिल्हा परिषद कर्मचारी मॅटच्या कक्षेत येत नाही. तिथे १९६४ चे जिल्हा सेवा (शिस्त व अपील) नियम. मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांच्या आदेशावर विभागीय आयुक्तांकडे, आणि पुढे उच्च न्यायालयाचं नागपूर खंडपीठ. दिव्यांग कायद्याचा रस्ता मात्र सगळ्यांना सारखाच.

कन्हानकाठ | ६ नोव्हेंबर

केंद्र सरकारच्या नोकरांसाठी (टपाल, रेल्वे, महालेखाकार, भूवैज्ञानिक सर्वेक्षण) कॅट, म्हणजे केंद्रीय प्रशासकीय न्यायाधिकरण. मुंबई खंडपीठ, पण नागपुरात त्याच्या फिरत्या बैठका होतात. अर्ज शुल्क ५० रुपये, पोस्टल ऑर्डर किंवा धनाकर्ष. मुदतीचं कलम तेच, २१. फेरविचार अर्जाला निकालाची प्रत मिळाल्यापासून ३० दिवस. फिरती बैठक कधी लागेल ते आधी सांगता येत नाही, त्यामुळे तातडीची स्थगिती हवी असेल तर मुंबईची तयारी ठेवा.

गिट्टीखदान | ६ नोव्हेंबर

महापालिकेचे कामगार विसरू नका. पालिका 'उद्योग' आहे की नाही हा वाद आपल्याच नागपूर महापालिकेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९६० मध्ये ऐकला आणि पालिकेचे बहुतेक विभाग उद्योगात धरले. त्यामुळे कामगार वर्गातल्यांना औद्योगिक न्यायालयाचा रस्ता आहे. १९७१ चा अनुचित कामगार प्रथांचा कायदा, अनुसूची चार, बाब ५: गुणवत्ता न पाहता कामगारांच्या एका गटाला झुकतं माप देणं. भेदभावाला याहून नेमका शब्द कुठे मिळेल? मुदत मात्र ९० दिवस, आणि ती फार लवकर संपते.

गोरेवाडा | ७ नोव्हेंबर

जातीवरून भेदभाव असेल तर थेट ॲट्रॉसिटी लावायची ना? बाकी चकरा कशाला?

बिंदूनामावली | ७ नोव्हेंबर

दोन वेगळ्या गोष्टी आहेत, दोन्ही कराव्या लागल्या तर दोन्ही करा. १९८९ चा कायदा फौजदारी. लोकांदेखत जातीवाचक अपमान झाला तर तिकडे. त्याने गुन्हेगाराला शिक्षा होईल, बुडालेली ज्येष्ठता परत येणार नाही. ज्येष्ठतेसाठी मॅटच. पदोन्नतीत बिंदू चुकला असेल तर बिंदूनामावलीची प्रत मागवा आणि विभागीय आयुक्त कार्यालयातल्या मागासवर्ग कक्षाने ती कधी तपासली, काय शेरे मारले तेही. तपासणीचा शेरा हाती असला की मॅटमध्ये निम्मं काम होतं.

राष्ट्रीय अनुसूचित जाती आयोग अधिकाऱ्यांना बोलावू शकतो, कागद मागवू शकतो. पण मनाईहुकूम देऊ शकत नाही, सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्येच सांगितलंय. आयोगाची नोटीस आली म्हणून लोक पेढे वाटतात आणि इकडे कलम २१ चं वर्ष निघून जातं.

गोरेवाडा | ७ नोव्हेंबर

फौजदारीचा धाक नसेल तर इथे कुणी कुणाला विचारत नाही हो. मॅट, मॅट करता आणि माणूस निवृत्त होतो.

संपादक | ७ नोव्हेंबर

हा वाद वेगळ्या धाग्यावर घ्या. इथे मूळ प्रश्नावर राहू.

कलमकसाई | ७ नोव्हेंबर

एकच भर. लैंगिक छळाची तक्रार असेल तर तिथे खरोखरच अपील आहे. २०१३ च्या कायद्याचं कलम १८, समितीच्या शिफारशींपासून ९० दिवस, सेवा नियमांप्रमाणे न्यायालय किंवा न्यायाधिकरणाकडे. अहवालाची प्रत दोन्ही पक्षांना मिळालीच पाहिजे. तक्रार सिद्ध झाली नाही याचा अर्थ ती खोटी होती असा नाही, कलम १४ मध्येच स्पष्ट लिहिलंय.

सक्करदरा | ८ नोव्हेंबर

मॅटमध्ये गेल्या की ताईंची बदली गडचिरोलीला करतील, ती भीती खरी आहे. तेवढं सांगा कुणी.

वर्धारोड | ८ नोव्हेंबर

गडचिरोलीचे लोकही वाचतात हो इथे.

बदल्यांचा २००५ चा अधिनियम. साधारण पदावधी तीन वर्षं. बदल्या वर्षातून एकदा, एप्रिल किंवा मे मध्ये. मधेच किंवा मुदतीआधी करायची तर कलम ४(४) आणि ४(५): विशेष कारणं लेखी, आणि लगतच्या वरिष्ठ प्राधिकाऱ्याची पूर्वमान्यता. 'प्रशासकीय कारणास्तव' एवढेच शब्द हे कारण म्हणून टिकत नाहीत. दिव्यांग कायद्याचं कलम २०(५) बदली-पदस्थापनेच्या धोरणाबद्दल आहे, तेही जोडा.

एक गोष्ट ध्यानात ठेवा. आदेश आला की कार्यमुक्त होण्याआधी मॅट गाठायची. एकदा कार्यमुक्तीचा अहवाल गेला आणि जागेवर दुसरा हजर झाला, की अंतरिम स्थगितीला अर्थ राहत नाही. रजेवर जाऊन लपायचंही नाही, एकतर्फी कार्यमुक्त करतात. आधीची तक्रार ते बदली यांतले दिवस मोजून अर्जात लिहा. तारखांचा तक्ता न्यायाधिकरणाला विशेषणांपेक्षा जास्त पटतो.

याच अधिनियमाचं कलम १० कार्यालयात कुणाला आठवत नाही. एका टेबलावर नस्ती सर्वसाधारणपणे सात कामकाजाच्या दिवसांपेक्षा जास्त थांबता कामा नये. दीड वर्षाच्या सॉफ्टवेअर अर्जाला हे लावा.

तर्रीपोहे | ८ नोव्हेंबर

सात दिवस! अधिवेशनाच्या महिन्यात तर सात दिवसात नस्तीले दोरीबी सापडत नाही.

फुटाळ्याकाठी | ८ नोव्हेंबर

माहितीचे दोन्ही अर्ज ६ तारखेलाच दिले, पोच घेतली. वकिलाच्या खर्चाचं काय? आणि आणखी एक निवेदन द्यावं का, सचिवांना?

मूळअर्ज | ८ नोव्हेंबर

विधि सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७, कलम १२. महिला, अनुसूचित जाती-जमाती आणि दिव्यांग यांना उत्पन्नाची मर्यादा न लावता मोफत वकील. ताई दोन कारणांनी पात्र आहेत. जिल्हा विधि सेवा प्राधिकरणात अर्ज करा, फोन १५१००. फक्त सांगा की सेवाविषयक काम करणारा वकील हवा. फौजदारीतला चांगला वकीलही मानीव दिनांकावर अडखळतो. स्वतः उभं राहायलाही परवानगी आहे.

निवेदन द्या, एकच, योग्य मार्गाने, आगाऊ प्रत थेट. दुसरं-तिसरं नको. त्यात तीन गोष्टी: २ मे च्या आदेशाला हरकत, कलम २०(३), आणि पुनर्विलोकन समितीची मागणी. भाषा सौम्य. मॅट 'उपाय संपवले का' विचारते तेव्हा हे दाखवायला लागतं, कलम २०. दिव्यांग कायद्याचं २० आणि न्यायाधिकरण कायद्याचं २०, गोंधळू नका.

धरमपेठी | ८ नोव्हेंबर

सॉफ्टवेअर न देणं रोजचंच चालू आहे. मग मुदतीचा प्रश्न येतोच कुठे? रोज नवीन कारण घडतंय.

वर्धारोड | ८ नोव्हेंबर

अर्धं बरोबर. सॉफ्टवेअरपुरतं तसं म्हणता येईल. पदोन्नतीला नाही. तरसेम सिंग (२००८) वाचा: वेतननिश्चितीसारखी चूक चालू मानता येते, तरी थकबाकी साधारण तीन वर्षांची. पण जिथे इतरांची ज्येष्ठता हलते तिथे उशीर आडवा येतो.

तोंडी बोलल्याचं ध्वनिमुद्रण आहे का? असेल तर ज्या फोनवर केलं तो फोन बदलू नका, विकू नका. भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र लागतं. व्हॉट्सॲपलाही तेच.

आणि अर्जात 'अमक्यालाही नियम मोडून दिली' असला मुद्दा आणू नका. दुसऱ्याला बेकायदा मिळालं म्हणून मलाही द्या, अशी समानता कोर्ट मानत नाही. 'माझा विचार बेकायदा निकषाने झाला' एवढंच धरून ठेवा.

फुटाळ्याकाठी | ११ डिसेंबर २०२५

धागा वर काढतेय. पहिल्या अर्जाचं उत्तर आलं. इतिवृत्ताच्या तक्त्यात ताईंच्या नावासमोर शेरा: 'दृष्टिदोषामुळे संगणकीय कामकाज हाताळण्यास अक्षम, सबब विचार करण्यात आला नाही.' पाचही वर्षांचे अहवाल 'अ' आणि 'अ+'. दुसऱ्या अर्जाचं उत्तर नाही, मुदत संपली. पहिलं अपील टाकतोय.

तर्रीपोहे | ११ डिसेंबर

म्या म्हटलं होतं नं. लिवतात!

पांढरीकाठी | ११ डिसेंबर

कलम २०(३) चं पुस्तकी उदाहरण. सॉफ्टवेअरचे तीन अर्ज आवक क्रमांकांसह याच्याच पाठीला लावा. जिल्हास्तरीय समितीकडचा अर्ज वेगळा, तोही याच आठवड्यात.

मूळअर्ज | ११ डिसेंबर

इतिवृत्ताची प्रत माहिती अधिकारात प्रमाणित करून घेतली आहे ना? प्रत्येक पानावर शिक्का आणि सही बघा. नसेल तर उद्याच परत जा. मागाहून 'ही आमची प्रतच नाही' म्हणतात.

आता विलंब नको, जानेवारीत दाखल करा. शासनाच्या प्रतिवादींच्या प्रती मुख्य सादरकर्ता अधिकाऱ्यांकडे (मॅटमध्ये शासनाची बाजू मांडणारे), त्या दोन खासगी प्रतिवादींना वेगळ्या. अंतरिम मागणी छोटी ठेवा: एक वरिष्ठ लिपिकाचं पद निकालापर्यंत रिक्त ठेवावं. सगळा आदेश थांबवा म्हणालात तर काहीच मिळणार नाही. निकाल बाजूने लागला आणि अंमल झाला नाही, तर अवमान अर्जाला एक वर्षाची मर्यादा आहे, तीही तारीख तेव्हाच वहीत टाकून ठेवा.

आवकजावक | ११ डिसेंबर

पहिल्या अपिलाला २० चं तिकीट विसरू नका. आणि अपील हातोहात द्या, पोच जागेवरच घ्या. आवक शाखेतला अर्धा माणूस सध्या अधिवेशनाच्या ड्यूटीवर आहे. उरलेला अर्धा म्हणेल सोमवारी या.